आमच्याच बाजूचा लाइनमन

ज्या कॉलेजच्या नावाने आम्ही दोह्यात फुटबॉल खेळायचो, त्या कॉलेजात फुटबॉल नव्हताच. तिथे कबड्डी होती, व्हॉलीबॉल होता, क्रिकेट होतं. मैदान कातळाचं आणि एका अंगाला उतरतं. चेंडू सुटला की थेट खालच्या कलमांच्या बागेत जायचा आणि राखणदाराच्या शिव्या खाऊन परत आणावा लागायचा. जिमखान्याच्या कपाटात एक फुटबॉल होता म्हणतात, पण त्यात हवा असलेली मी तरी पाहिली नाही.

तरीही कतारमध्ये आमची, म्हणजे त्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांची टीम झाली ती फुटबॉलची. इथे केरळातल्या कॉलेजांच्या माजी विद्यार्थ्यांची एक लीग होती. तिच्यातली एक टीम मोडली आणि जागा रिकामी झाली. आमच्या कप्तानाच्या ऑफिसातल्या एका मल्याळी माणसाने त्याला सहज विचारलं, "तुम्हा मराठी लोकांना फुटबॉल जमतो का?" त्या एका प्रश्नाचा राग येऊन टीम उभी राहिली, आणि पुढे सगळा मोसम ती रागावरच चालली.

कप्तान माझ्यापेक्षा चार वर्षं पुढे होता. बांधकाम कंपनीत साइट सुपरवायझर. साइटवर ज्या आवाजात बोलायचा त्याच आवाजात मैदानात बोलायचा, आणि घरीही बहुधा तसाच. आमच्यात खरा खेळणारा एकच होता. तो माझ्याच वर्गातला, आता दुखानला तेल कंपनीच्या वसाहतीत राहणारा. दर शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी तो तिथून एकटा गाडी घेऊन यायचा, म्हणून त्याला सगळे दुखानवालाच म्हणायचे. त्याला चांगलं खेळता यायचं आणि ते त्याला माहीत होतं, म्हणून तो कुणाला पास द्यायचा नाही.

मी खेळाडू नव्हतो. आजही नाही. मी पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. मी टीममध्ये गेलो तो जर्सीवर कॉलेजचं नाव छापलं होतं म्हणून. हे ऐकायला बाळबोध वाटेल, पण माझ्यापुरतं ते खरं आहे. माझे वडील बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढायचे. आमच्या घरात सातवीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. घरी अभ्यासाला जागा नव्हती तेव्हा केमिस्ट्रीचे सर मला संध्याकाळी प्रयोगशाळेत बसू द्यायचे, शिपाईमामा कुलूप लावायला आले की म्हणायचे, "बसू दे रे त्याला अजून थोडा." त्या कॉलेजचं माझ्यावर किती ऋण आहे ते मी शब्दांत सांगू शकत नाही. मी पदवीधर झालो तेव्हा वडील शेजाऱ्यांना सांगायचे, आता आमच्या घरात एक तरी माणूस खोटं बोलणार नाही. शिकलेल्याला खोटं बोलायची गरजच काय, असा त्यांचा हिशेब होता. तो हिशेब चुकीचा आहे हे मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळलं. त्यांना मी कधी सांगितलं नाही.

पहिल्या दोन सामन्यांत मला डिफेन्सला उभं केलं. दोन्ही वेळा माझ्या बाजूने गोल झाले. तिसऱ्या शुक्रवारी कप्तान सगळ्यांसमोर मला म्हणाला, "मास्तर, तुला पळता येत नाही, अडवता येत नाही. तुला येतं काय?"

मी बुटाची नाडी बांधत राहिलो.

"बरं. निशाण धरता येईल? सुकत घातलेल्या लेंग्यासारखं हातात धरायचं असतं. एवढं झेपेल?"

सगळे हसले. दुखानवाला सगळ्यात मोठ्याने.

इथे लीगची एक पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच झालं. रेफरी बाहेरचे होते, एका शाळेत पी.टी. शिकवणारे इजिप्तचे गृहस्थ. पण दोन्ही बाजूंचे लाइनमन आणायला लीगकडे माणसं नव्हती. त्यामुळे ज्या टीमचा त्या वेळी सामना नसेल तिने एक माणूस द्यायचा. कुणी कुठल्या सामन्याला माणूस द्यायचा हे मोसमाच्या आधीच ठरायचं. हे काम कुणालाच नको असायचं. उन्हात उभं राहायचं आणि दोन्हीकडच्यांच्या शिव्या खायच्या. बाकीच्या टीम दर वेळी नवा माणूस पाठवायच्या; एखादा यायचा तोच मोबाईल बघत. आमच्या टीमने मात्र मला कायमचा त्या कामाला लावला.

मी ते काम अभ्यासासारखं घेतलं. नियम वाचले. मॅचेस बघितल्या. ऑफसाइडचा नियम तर बायकोला चहाचे कप मांडून समजावला. तिला तो कळला, पण तिने मला एवढंच विचारलं, "शुक्रवारी सकाळी घरात माणूस लागत नाही का?" नियम सोपा आहे. आपला खेळाडू चेंडू पुढे मारतो, त्या क्षणी पुढे उभा असलेला साथीदार समोरच्यांच्या शेवटच्या बचाववाल्याच्याही पलीकडे असेल, तर तो ऑफसाइड. चेंडू पोचला तेव्हा तो कुठे होता याला किंमत नाही. मारला तेव्हा कुठे होता, एवढंच बघायचं. लोक नेमकं उलटं करतात. सगळ्यांचे डोळे चेंडूबरोबर जातात. लाइनमनने चेंडू मारल्याचा आवाज ऐकायचा असतो आणि डोळे पुढच्या रांगेवर ठेवायचे असतात. प्रयोगशाळेत रंग बदलायच्या क्षणी नजर हलवायची नसते, ती सवय मला होतीच.

डिसेंबरपर्यंत एक गोष्ट घडली. दुसऱ्या टीम माझा झेंडा मानायला लागल्या. मी झेंडा वर केला की खेळाडू थांबायचे, वाद घालायचे नाहीत. निळ्या जर्सीच्या टीमचा कप्तान, एका बँकेतला मल्याळी माणूस, एकदा स्वतःचा गोल रद्द झाल्यावर सामन्यानंतर माझ्याजवळ आला आणि हिंदीत म्हणाला, "भाई, तुमचा झेंडा खरा असतो." त्या दिवशी मी घरी चालत गेलो. मेट्रो समोर होती, पण मला चालावंसं वाटलं.

आमची टीम मात्र हरत होती, आणि हरण्यापेक्षा भांडत जास्त होती. एका सामन्यात मोकळ्या गोलसमोर कप्तान उभा असताना दुखानवाल्याने त्याला पास न देता लांबून फटका मारला. चेंडू बाहेरच्या पार्किंगमध्ये एका पांढऱ्या गाडीच्या टपावर आदळला. कप्तान त्याच्या अंगावर धावून गेला.

"तुझ्या बापाचा चेंडू आहे काय रे?"

"तुला दिला असता तर तू काय केलं असतंस? साइटवर नेऊन प्लास्टर केलं असतंस?"

"गोऱ्यांच्या एसीत बसून माज आलाय तुला."

"बसतोय ना? तुला कोणी बसवत नाही म्हणून जळतोस."

त्या दिवसापासून त्या दोघांचं बोलणं बंद झालं. एकाच टीममध्ये खेळायचे, पण निरोप तिसऱ्यामार्फत. पुष्कळदा तो तिसरा मी असायचो. "मास्तर, त्याला सांग डावीकडे राहा." मी जाऊन सांगायचो. "त्याला सांग, मला शिकवू नको." तेही येऊन सांगायचो, थोडं मऊ करून.

मार्च आला. आमचे सामने संपले. लीगमध्ये तळाला राहणारी टीम बाहेर जायची आणि वाट बघणाऱ्यांपैकी एक आत यायची. आम्ही तळाच्या एक पायरी वर होतो आणि आमच्या खाली निळे होते. त्यांचा एक सामना शिल्लक होता, पिवळ्यांशी. निळे जिंकले तर ते वर आणि आम्ही बाहेर. बरोबरी झाली किंवा ते हरले तर आम्ही राहिलो. आणि त्या सामन्याला लाइनमन द्यायची पाळी आमची होती. ती ऑक्टोबरातच ठरली होती. तेव्हा कुणाच्या डोक्यात हे येणं शक्यच नव्हतं.

मी कप्तानाला म्हटलं, "दादा, या सामन्याला मी उभा राहणं बरं दिसत नाही. दुसऱ्या टीमचा माणूस मागूया."

तो माझ्याकडे बघत राहिला. "खुळा आहेस की काय? पाळी आपली आहे. देवाने दिलेली पाळी आहे."

मी निळ्यांच्या कप्तानालाही सामन्याआधी जाऊन विचारलं. तो म्हणाला, "तुम्ही असाल तर आम्हाला चालेल." त्याच्या या एका वाक्यावर मी लाइनवर उभा राहिलो.

त्या सकाळी शमाल वारा होता. मैदानावर बारीक धूळ उडत होती आणि कडेला आमची अख्खी टीम येऊन उभी होती, जी आपल्या सामन्यांना कधी वेळेवर आली नव्हती. एक एक गोल झाला होता. शेवट जवळ आला होता. निळ्यांच्या मधल्या खेळाडूने चेंडू पुढे मारला. मी तो आवाज ऐकला, त्या क्षणी माझे डोळे रांगेवर होते. निळ्यांचा पुढचा गडी पिवळ्यांच्या शेवटच्या माणसाच्या अंगभर पुढे होता. अंगभर म्हणजे स्पष्ट, शंकेला जागा नाही. मग तो पिवळा बचाववाला जीव खाऊन मागे धावला आणि चेंडू पोचेपर्यंत त्याच्याही पुढे गेला. गडी वळला, फटका मारला, गोल.

माझा झेंडा आधीच वर होता.

रेफरींनी शिट्टी वाजवली आणि गोल रद्द केला. मग निळे माझ्याकडे धावत आले. त्यांचा कप्तान सगळ्यात पुढे होता. तो ओरडला नाही. फक्त म्हणाला, "तुम्ही? तुम्हीसुद्धा?" रेफरी मध्ये पडले, "खलास, खलास" म्हणत त्यांना ढकलत राहिले. थोड्या वेळाने सामना संपला. बरोबरी. आम्ही लीगमध्ये राहिलो.

मग आमची टीम माझ्यावर तुटून पडली. मोसमभर ज्यांनी मला पाणी विचारलं नव्हतं त्यांनी मला उचललं. रस्त्यापलीकडच्या टपरीवर कप्तानाने स्वतः कडक चहाचा कप आणून माझ्या हातात दिला.

"आज तू खरा ग्रॅज्युएट झालास, मास्तर."

"दादा, तो ऑफसाइडच होता."

"होय तर! ऑफसाइडच होता." त्याने बाकीच्यांकडे बघून डोळा मारला.

"अरे, खरंच होता. पास मारला तेव्हा तो अंगभर पुढे होता."

"अंगभर!" गोलकीपरने ठसका लागेपर्यंत हसून घेतलं. "मास्तर, आमच्यासमोर कशाला? आम्ही काय पोलीस आहोत?"

"मेल्या, इतके दिवस आम्ही तुला भोळा समजत होतो," कप्तान म्हणाला आणि माझ्या पाठीवर अशी थाप मारली की चहा शर्टावर सांडला. मी जितकं खरं सांगत होतो तितके ते जास्त हसत होते. दुखानवाला गाडीला टेकून उभा होता. तोही हसत होता. माझ्या आयुष्यात माझं इतकं कौतुक कधी झालं नव्हतं आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी एक व्हिडिओ फिरायला लागला. निळ्यांच्या कुणीतरी गोलच्या मागून मोबाईलवर घेतलेला. तो सुरू होतो तेव्हा चेंडू हवेत आहे. पास मारल्याचा क्षण त्यात नाहीच. दिसतं ते एवढंच की चेंडू येतो, बचाववाला गड्याच्या पुढे आहे, गोल होतो, आणि कोपऱ्यात माझा झेंडा वर आहे. बघणाऱ्याने काय समजायचं? प्रयोगशाळेतला एक मल्याळी सहकारी, ज्याच्याशी माझं रोजचं जेवण असायचं, माझा अहवाल हातात घेऊन म्हणाला, "हे पाणी खरंच चांगलं आहे, की तुमच्या गावचं आहे?" बाकीचे हसले. मी त्या दिवशी तो नमुना पुन्हा तपासला. गरज नव्हती, तरी तपासला.

आणि घरी मुलगी. तिच्या वर्गात निळ्यांच्या कप्तानाचा मुलगा होता. तिने जेवताना ताटातून डोळे वर न करता विचारलं, "बाबा, डिड यू चीट?"

"नाही ग," मी म्हटलं.

"ओके," ती म्हणाली. मुलगी झोपल्यावर बायकोने विचारलं, "खरंच होता का हो ऑफसाइड? मला सांगितलंत तरी चालेल. मी काही म्हणणार नाही."

"मी काही म्हणणार नाही" हे तिचे शब्द मला निळ्यांच्या शिव्यांपेक्षा जास्त लागले. चहाचे कप मांडून जिला मी नियम समजावला होता तिलाही मी पुन्हा सांगितलं, आणि तिने मान हलवली. ती मान कशी हलते ते लग्नाच्या इतक्या वर्षांत मला कळतं.

निळ्यांनी तक्रार केली. लीगची समिती अल मन्सूरातल्या एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर बसली. अध्यक्ष एक वयस्कर मल्याळी गृहस्थ होते, शांत, हिंदीत बोलणारे. जिना चढताना कप्तानाने मला बजावलं, "तू तोंड उघडू नको. बोलायचं काम माझं. एवढंच सांगायचं की रेफरीने शिट्टी मारली, विषय संपला."

मी तरीही बोललो. टेबलावर पाण्याचे ग्लास आणि मिठाची बाटली मांडून दाखवलं, कोण कुठे होता. अध्यक्षांनी लक्ष देऊन ऐकलं. मला वाटलं, ते मानतायत. मग निळ्यांच्या कप्तानाने आमच्या कप्तानाला विचारलं, "तुम्ही त्याच बाजूला उभे होतात. तुम्ही शपथेवर सांगा, तुमच्या माणसाचा झेंडा खरा होता?"

साधं "होय" म्हणायचं होतं. किंवा "मी बघितलं नाही," जे खरं होतं. कप्तान खुर्चीत मागे रेलला.

"भाई," तो म्हणाला, "तुमचा माणूस लाइनवर असता तर त्याने काय केलं असतं? आपला माणूस आपल्यासाठीच करतो. त्यात एवढं मनाला काय लावून घ्यायचं?"

त्याला वाटलं, त्याने माझी बाजू घेतली. टेबलाभोवतीच्या प्रत्येकाने माझ्याकडे बघितलं आणि मग बघणं टाळलं. मिठाची बाटली जिथे मी ठेवली होती तिथेच होती.

अध्यक्ष म्हणाले, नियमाप्रमाणे रेफरींचा निर्णय शेवटचा. निकाल बदलता येत नाही. पुढच्या मोसमापासून ज्याचा हितसंबंध आहे त्या टीमने लाइनमन द्यायचा नाही. "हा विषय इथे संपवू," असं म्हणत ते उठायला लागले. म्हणजे टीम वाचली होती आणि मी बुडालो होतो.

मी म्हटलं, "सर, सामना परत खेळवा."

"काय?"

"दुसरा लाइनमन ठेवून परत खेळवा. माझा झेंडा खरा होता, हे मी शेवटपर्यंत सांगेन. पण मी तिथे उभा राहायला नको होतो. पुढच्या शुक्रवारी बक्षिसांसाठी मैदान घेतलेलंच आहे."

कप्तान मराठीत ओरडला, "ए! तुला कोणी विचारलं? टीमच्या वतीने मी आलोय."

"लाइनमन मी होतो, दादा."

"कॉलेजचं नाव घालवणार तू? ज्या कॉलेजने तुला माणूस केलं?"

"त्याच कॉलेजसाठी सांगतोय."

"ते कॉलेज तुझ्या बापाचं नाही," तो म्हणाला. माझ्या बापाचं काहीच नव्हतं, बर्फसुद्धा मालकाचा होता; हे मी त्याला सांगितलं नाही. अध्यक्षांनी पिवळ्यांना फोन लावला. पिवळ्यांना काही फरक पडत नव्हता, ते तयार झाले. निळे तर तयार होतेच.

सामना परत झाला. लाइनवर दोन्ही बाजूंना तिसऱ्या-चौथ्या टीमची माणसं होती. मी प्रेक्षकांत एकटा उभा राहिलो. आमची टीम दुसऱ्या टोकाला होती आणि त्यातल्या कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. निळे जिंकले. निर्विवाद जिंकले, ऑफसाइडचा प्रश्नच आला नाही. आम्ही लीगमधून बाहेर गेलो.

मी निळ्यांच्या कप्तानाकडे गेलो, हात पुढे केला. त्याने दोन्ही हातांनी माझा हात धरला. त्याच्या चेहऱ्यावर खरी माया होती, म्हणून जास्त वाईट.

"मोठं मन लागतं," तो म्हणाला. "चूक कबूल करायला."

"मी काही कबूल केलेलं नाही. तो ऑफसाइड होता."

"जाऊ दे आता. शुक्रन. माझ्या मुलाला मी सांगितलंय, अंकलनी मान्य केलं, आता तो विषय काढायचा नाही."

मी परत सांगायला तोंड उघडलं, तोवर त्याला त्याच्या लोकांनी ओढून नेलं. तेव्हा मला पुरतं कळलं की सामना परत मागून मी स्वतःच्या हाताने कबुलीजबाब दिला होता. झेंडा वर केला तेव्हा मी लोकांच्या संशयाने खोटा ठरलो, आणि सामना परत मागितला तेव्हा स्वतःच्याच तोंडाने.

पार्किंगमध्ये कप्तान भेटला. "मास्तर, जर्सी धुऊन पाठव," एवढंच म्हणाला. नंतर टीमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून माझा नंबर काढला गेला.

मेट्रोकडे निघालो तर मागून हॉर्न वाजला. दुखानवाला. "बस. मन्सूरातूनच जातोय, तुला घरी सोडतो."

मला बसायचं नव्हतं, पण धूळ फार होती. सिग्नलला थांबल्यावर तो म्हणाला, "ऑफसाइडच होता तो."

मला वाटलं, हाही टिंगल करतोय. मी बाहेर बघत राहिलो.

"खरं सांगतोय. मी फॉरवर्ड खेळतो रे, माझी नजर तिथेच असते. पास सुटला तेव्हा तो पिवळ्याच्या अंगभर पुढे होता. तुझा झेंडा मी गोलच्या आधी बघितला."

सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न दिला.

"मग त्या दिवशी टपरीवर बोलला का नाहीस?"

"बोलून काय उपयोग होता? आपण राहिलो होतो ना लीगमध्ये."

"आणि आता?"

"आता बोलून काय उपयोग? आपण गेलो ना."

मला त्याचा गळा धरावासा वाटला. "कप्तानाला सांग," मी म्हटलं. "निदान त्याला तरी सांग."

"त्याला?" दुखानवाल्याला खरंच आश्चर्य वाटलं. "त्याचं माझं बोलणं बंद आहे, तुला माहीत नाही?"

आमच्या बिल्डिंगखाली त्याने गाडी थांबवली. मी दार उघडलं, पण उतरलो नाही. "वर चल," मी म्हटलं. "चहा घे. आणि आत्ता मला जे सांगितलंस ते माझ्या बायकोला सांग."

"आता? मला दुखान गाठायचंय."

"चल."

तो आला. जिन्यात दोनदा घड्याळ बघितलं. वर बायकोने दार उघडलं, त्याला बसवलं, चहा ठेवला. मुलगी कोपऱ्यात अभ्यास करत होती. त्याने सांगितलं, आणि चांगलं सांगितलं. कोण कुठे होता, पास कधी सुटला, झेंडा कधी वर गेला, सगळं. मुलीने पेन्सिल खाली ठेवली होती. बायको ओट्याला टेकून ऐकत होती आणि ऐकता ऐकता तिचा चेहरा बदलत गेला. तिने माझ्याकडे बघितलं. त्या आठवड्यात पहिल्यांदाच ती माझ्याकडे सरळ बघत होती.

मग ती त्याच्याकडे वळली. "भावजी, तुम्ही हे बघितलं होतं, मग तेव्हा का नाही बोललात?"

त्याने बिस्किट चहात बुडवलं. ते मऊ होऊन कपात पडलं. तो कपात बघत म्हणाला, "वहिनी, तेव्हा सगळे हसत होते."

बायकोने त्याला दुसऱ्यांदा चहा विचारला नाही.